बकारामने नेलेलं मांजर

धान घरात आलं आणि त्याच्या मागोमाग उंदीर आले, तेव्हा बकारामने मांजर पाळायचं ठरवलं. निर्णय एवढासा होता. पण त्यापायी पुढे गोंदियाच्या फेऱ्या पडतील, बाकड्यावर झोपावं लागेल आणि भर रस्त्यात मान खाली घालावी लागेल, हे कोणी आधी सांगितलं असतं तर त्याने उंदरांनाच पाट मांडून जेवू घातलं असतं.

बकाराम आमगावचा. थोडी धानाची शेती, थोडा धानाचा व्यापार. शाळा त्याने लवकर सोडली. (शाळेनेच सुटकेचा श्वास सोडला, असं त्याची बायको प्रेमिला म्हणते.) पण बाजारात त्याचा शब्द चालायचा. बकाराम 'हो' म्हणाला की सौदा झाला. त्याला त्याचा अभिमान होता, आणि तो अभिमान त्याच्या चालण्यातही दिसायचा.

त्याची आणखी एक कीर्ती होती. मांजर सोडण्याची.

मोहल्ल्यात कोणाच्या घरी मांजराने दूध नासवलं, माळ्यावर पिल्लं घातली, की बकारामला बोलावणं यायचं. तो धानाचं रिकामं पोतं घेऊन जायचा. मांजर पोत्यात. तोंडाला सुतळी. स्टेशनकडच्या नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल आहे, तिथे थांबून पोतं तीनदा गोल फिरवायचं, म्हणजे मांजराला दिशा राहत नाही. मग पाणी ओलांडायचं, दूर नेऊन सोडायचं आणि मागे वळून पाहायचं नाही. ही त्याच्या बापाची रीत. बकारामने नेलेलं मांजर वापस आलं, असं आमगावात कोणी म्हणू शकत नव्हतं. मोबदल्यात तो फक्त एक पान खायचा. कलेचे पैसे घेत नसतात.

तर अशा माणसाच्या घरी भाऊबीजेला मांजर आलं. त्याची मुलगी हर्षा सौंदडला दिली आहे. तिने खोक्यात घालून पट्ट्यापट्ट्यांचं पिल्लू आणलं.

"बाबूजी, काम करणाऱ्या मांजरीची पोर आहे," हर्षा म्हणाली.

"करू दे मंग काम," बकाराम म्हणाला.

पिल्लाने खोक्यातून उडी मारली ती सरळ ढोलीच्या मागे. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची मोठी कणगी. तिच्या आणि भिंतीच्या मधे हात शिरेल एवढीच जागा. तिथे ते जाऊन बसलं आणि बाहेर यायचं नाव घेईना.

"भूक लागली की येईल," बकाराम म्हणाला आणि बाजारात निघून गेला.

प्रेमिला मात्र ढोलीजवळ जमिनीवर बसली. वाटीत दूध ठेवलं आणि पिल्लाशी बोलायला लागली. हर्षाच्या लग्नापासून घरात बोलणं उरलं नव्हतं. बकाराम मोजून बोलायचा आणि माप लहान होतं. संध्याकाळी तो घरी आला तर आतून आवाज येत होता. तो दाराशी थांबला. गुडघा कुठे दुखतो, झोप केव्हा उडते, कोणत्या सुनेने कोणत्या सासूला काय म्हटलं, सगळं सांगणं चाललं होतं. गुडघ्याचं त्याला माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी पिल्लू बाहेर आलं. प्रेमिलाने त्याचं नाव 'बिजली' ठेवलं. बकाराम त्याला 'मांजर' म्हणायचा. कामाच्या प्राण्याला नाव कशाला?

बिजली रुळली, पण आपल्या पद्धतीने. तिच्यासाठी कोपऱ्यात धानाच्या कोंड्याची टोपली ठेवली होती. तिने ती पाहिली, हुंगली आणि बकारामने गिऱ्हाइकासाठी काढून ठेवलेल्या नमुन्याच्या धानावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाने ते धान मुठीत घेतलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

"काकाजी, ही सुगंधी जात आहे का?"

बकाराम खोटं बोलत नाही. त्याने काहीच उत्तर दिलं नाही आणि तो सौदा मोडला.

मग लस आली. आमगावच्या जनावरांच्या दवाखान्यात त्याने मांजर धरली (बैल धरतात तशी), सुई टोचली गेली, आणि बिजलीने त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत आपलं मत लिहून काढलं. डॉक्टर म्हणाले, आता तुम्हीही सुई घ्या. मांजरीला एका सुईत मोकळीक मिळाली. बकारामला माणसांच्या दवाखान्यात पुन्हा पुन्हा जावं लागलं. तिथली नर्स त्याला "मांजरवाले काकाजी" म्हणून हाक मारायची, तीही भरल्या रांगेत.

उंदीर मात्र गेले. बिजलीने एकही मारला नाही. ती प्रेमिलाच्या मांडीवर झोपायची. उंदीर बहुतेक तिच्या घोरण्यालाच घाबरले असावेत.

थंडी सरता सरता टिनाच्या छपरावर एक बोका येऊन गायला लागला. हर्षाचा फोन आला. प्रेमिलाने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"बिजलीचं ऑपरेशन कराव लागते. पिल्लं होऊ नाही म्हणून. गोंदियाले डॉक्टरीण बाई आहे."

"मांजरीचं ऑपरेशन?" बकाराम म्हणाला. "माह्या हर्नियाचं केलं नाही अजून."

"तुमाले सांगून सांगून मी थकली. हिले सांगाची गरज नाही, उचलून न्यायची."

"होऊ दे ना पिल्लं. मी आहो न."

"तुमी आहा म्हणूनच म्हणतो," प्रेमिला म्हणाली. "पिल्लं होतीन, अना तुमी पोतं घेऊन उभे राहसान. बिजलीचे लेकरं माह्या डोळ्यादेखत पोत्यात गेले तं मले जमणार नाही."

बकारामने वर पाहिलं. माळ्यावर पोत्यांची थप्पी रचलेली होती.

डॉक्टरीण बाईंनी फोनवर सांगितलं होतं, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा. ठरल्या सकाळी बकाराम धोतर नेसून तयार झाला आणि पाहतो तर बिजली वाटी चाटत होती.

"हे काय? उपास होता ना तिले?"

"दूधच देलं. उपासाले दूध चालते."

"तो देवाचा उपास. हा डॉक्टरचा."

"एकादशीले तुमी केळं, साबुदाना, शेंगदाने, रताळे सगळं खाता. तिनं वाटीभर दूध पेलं तं बुडाला का उपास?"

त्या दिवशीचं जाणं रद्द झालं. दुसऱ्या रात्री बकारामने दुधाचं भांडं स्वतःच्या उशाशी ठेवलं.

सकाळी निघताना त्याने माळ्यावरून पोतं काढलं. प्रेमिलाचा चेहरा बदलला.

"टोपलीत न्या."

"टोपलीतून पळते. मांजर पोत्यातच नेतात. हे मले नोको शिकवू."

प्रेमिलाने बिजलीला उचलून पोत्यात ठेवलं. सुतळी त्याने बांधली. मग ती म्हणाली, "हर्षाचे बाबूजी, तुमी तिले वापस आनता ना?"

"शब्द देतो."

"तुमच्या शब्दावर बाजार चालते. मी बी आजवर चालली. बिजली वापस नाही आली तं मी काही विचारणार नाही. कशी पळाली, कुठी पळाली, काही नाही. पण मंग पुन्हा मले कशाचा शब्द नोका देऊ."

ती ओरडली असती तर बकारामला बरं वाटलं असतं.

तो निघाला. खांद्यावर पोतं, पोत्यात मांजर. आता आमगावात बकाराम असा निघाला की त्याचा अर्थ एकच. पानठेल्यावरचा एक जण म्हणाला, "काकाजी, आज कोनाची?"

"घरची."

"घरची बी? बाप्पा!"

"दवाखान्यात नेऊन राहिलो. ऑपरेशनले."

"हो हो. दवाखान्यात," तो म्हणाला आणि बाजूच्याला कोपर मारलं.

पुढे एक म्हातारी आपल्या दारातून ओरडली, "आमच्या बाजूनं नोको सोडू रे बकाराम! मागच्या वेळची अजून माह्याच घरी दूध पेते!"

(ही बातमी बकारामला नवी होती. पण ते मांजर मालकाकडे तर वापस गेलं नव्हतं, अशी त्याने मनाची समजूत घातली.)

आयुष्यात पहिल्यांदा तो पोत्यातलं मांजर वापस आणायला नेत होता आणि पहिल्यांदाच कोणी त्याचं खरं धरत नव्हतं. तो तरातरा चालत राहिला. नाल्यावर आला. रपट्यावर थांबला. पोतं खांद्यावरून उतरवलं आणि गोल फिरवलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा फिरवताना त्याच्या लक्षात आलं की आपण हे काय करतो आहोत.

त्याने पोतं घाईने छातीशी धरलं आणि इकडेतिकडे पाहिलं. मागे लीलाधर उभा होता.

लीलाधर त्याचा शेजारी. चांगला माणूस, पण चेहऱ्यावर सगळं दिसतं. त्याच्या हातात मोठी थैली होती आणि तोंड उघडं होतं.

"तू कुठी?" बकारामने विचारलं.

"गोंदियाले. बहिणीकडे. कोहळं न्याचं आहे तिले." त्याने थैली वर करून दाखवली. तोंड अजून उघडंच होतं.

दोघं स्टेशनवर आले. तिकिटाच्या खिडकीपुढे गर्दी होती. लीलाधर म्हणाला, "काकाजी, तुमी दोघायची तिकिटं काढा. मी पोत्याजवळ बसतो."

बकारामला बरं वाटलं. रांग लांब होती. तो तिकिटं घेऊन आला तेव्हा लीलाधर बाकावरून उठून उभा होता. थैली त्याने दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, लेकरू धरतात तशी.

"काकाजी, माह्यं आज जमत नाही. फोन आला. बहिणीले ताप आहे."

"ताप आहे तं जायले पाहिजे ना?"

लीलाधरने थैली सावरली. "दुसऱ्या बहिणीले."

आणि तो निघालाच. त्याचं तिकीट फुकट गेलं. लीलाधरवर विसंबून काही करू नये, हे बकारामला आधीपासून माहीत होतं.

गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. पोतं त्याने मांडीवर घेतलं. बिजली हलत नव्हती, ओरडत नव्हती. समोरच्या बाईने विचारलं, "काय आहे जी पोत्यात?"

"मांजर."

"मांजर? हलत तं नाही. मेली का काय?"

"समजदार आहे," बकाराम म्हणाला. त्याला जरा अभिमान वाटला.

गाडी सुटली. बकारामने कधी मांजरीच्या पाठीवर हात फिरवला नव्हता. आता पोत्यावरूनच फिरवला. पाठ चांगली भरली होती. गोल, घट्ट. दुधाचा परिणाम. समोरची बाई खिडकीबाहेर पाहायला लागली तसा तो वाकला आणि हळूच म्हणाला, "भेऊ नोको. मी आहो. तुले घरी वापस नेतो." लग्नानंतर इतक्या मऊ आवाजात तो कोणाशी बोलला नव्हता.

डॉक्टरीण बाईंचा दवाखाना स्टेशनपासून जवळच होता. टेबलावर पोतं ठेवलं. कंपाउंडरने मांजर धरायला जाड हातमोजे घातले. बाईंनी सुतळी सोडली, पोत्यात पाहिलं, आणि दोन्ही हातांनी कोहळं बाहेर काढून टेबलावर ठेवलं.

कंपाउंडरचे हात हवेतच राहिले.

"काकाजी, हे काय?" बाईंनी विचारलं.

"मांजर," बकाराम म्हणाला. वाटभर तोच शब्द तोंडात घोळत होता, तो बाहेर पडला.

"भूल द्यायची गरज नाही मग," बाई म्हणाल्या. कंपाउंडर हातमोजे तोंडावर धरून बाहेर गेला.

बकारामने पोतं उलटं केलं, झटकलं, आत हात घालून कोपरे चाचपले. कोहळं लीलाधरचं, एवढं त्याला कळलं. पण लीलाधर कोहळं ठेवून मांजर कशाला नेईल? मांजराची भाजी होत नाही. तेव्हा बिजली बाकावरच पळाली असणार आणि भित्र्या लीलाधरने पोतं रिकामं दिसू नये म्हणून कोहळं कोंबलं असणार. आमगावच्या स्टेशनवर, नाल्याच्या पलीकडे, तीन चक्कर खाऊन झालेली मांजर. ती वापस येत नाही. हे त्याच्याएवढं कोणाला माहीत होतं?

तो दवाखान्याबाहेर येऊन उभा राहिला. बाजारात कोणी फसवलं तर त्याचा संताप व्हायचा. आता संताप येत नव्हता. 'मी काही विचारणार नाही,' असं प्रेमिला म्हणाली होती. ती खरंच विचारणार नाही. भात वाढेल, पाणी देईल, आणि विचारणार नाही. ढोलीजवळही आता ती कोणाशी बोलणार नाही.

तेवढ्यात समोरच्या चहाच्या टपरीखाली त्याला शेपूट दिसली. मग पाठ. राखाडी, पट्ट्यापट्ट्यांची.

"बिजली!" बकाराम ओरडला.

मांजरीने मान वळवून पाहिलं. (गोंदियाच्या बाजारात कोणी ओरडलं की कोणतंही मांजर पाहतं. पण हा विचार नंतरचा.) ती पळाली नाही. बकारामने तिला उचललं तर अंगाशी आली. बिजली गाडीत चढून, उतरून, स्टेशन ओलांडून इथे आली कशी, हा प्रश्न त्याला पडला नाही असं नाही. पण बुडत्या माणसाने दोर कोणी वळला हे विचारायचं नसतं.

टपरीवाला गुलाबचंद गाळणी थांबवून पाहत होता. "आपकी है क्या, बाबूजी?"

"हमारी है. घर की."

"तो ले जाओ. बहुत दूध पीती है."

बकारामने जास्त विचारलं नाही. गुलाबचंदनेही सांगितलं नाही. दोघांचा फायदा होता.

मांजर खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून तो पुन्हा टेबलापाशी उभा राहिला. बाईंनी मांजरीचं तोंड उघडून दात पाहिले.

"तुम्ही फोनवर पिल्लू सांगितलं होतं. ही चांगली मोठी आहे."

"घरचं खाणं तसं आहे."

"उपाशी आहे ना?"

"घरचं काल रात्रीपासून काही खाल्लं नाही," बकाराम म्हणाला. यात खोटं काही नव्हतं.

बाईंनी मांजरीचं पोट चाचपलं आणि बकारामकडे पाहिलं. "आज नाही होणार. पोट भरलेलं आहे. इथे ठेवा, उद्या सकाळी करते. तुम्ही घरी जा."

"मी कुठी जात नाही," बकाराम म्हणाला. एकदा दुसऱ्याच्या भरवशावर सोडून पाहिलं होतं. आता पिंजरा डोळ्यांपुढून हलू द्यायचा नव्हता. तो बाहेरच्या बाकड्यावर बसला. संध्याकाळी घरी फोन लावला.

"आज येत नाही. ऑपरेशन उद्या आहे."

"असं का?" प्रेमिला म्हणाली. आवाज फार शांत होता. "बिजली कशी आहे?"

"ठीक आहे. माह्या समोरच आहे."

"तुमच्या समोर आहे?"

"पिंजऱ्यात आहे. बसली आहे. पाहून राहिली माह्याकडे."

मागून बारीक आवाज आला.

"घरी मांजर ओरडली का?" बकारामने विचारलं.

"लीलाधर येऊन बसला आहे. खोकलला."

"लीलाधर? त्याले फोन दे. स्टेशनवर काय झालं ते..." एवढं बोलून बकाराम थांबला. मांजर पळाली होती हे प्रेमिलाला कळू द्यायचं नव्हतं. "नाही, राहू दे. बहिणीचा ताप कसा आहे विचार त्याले."

"बरं. आना मंग उद्या बिजलीले," प्रेमिला म्हणाली. "मी काही विचारत नाही."

फोन ठेवला तरी ते वाक्य कानात राहिलं. रात्रभर बाकडं टोचत होतं ते वेगळंच.

ऑपरेशन नीट झालं. बाईंनी टाके दाखवले, गोळ्या दिल्या, उड्या मारू देऊ नका म्हणाल्या, आणि मांजरीने टाके चाटू नयेत म्हणून तिच्या गळ्यात प्लास्टिकचा भोंगा बसवला. ती सभेच्या लाउडस्पीकरसारखी दिसायला लागली. औषधाच्या रिकाम्या खोक्यात तिला निजवून बकाराम गाडीत बसला. या वेळी ती हलत होती, कण्हत होती. त्याने पूर्ण रस्ता खोक्यावरचा हात काढला नाही.

अंधार पडायच्या आत तो घरी पोचला. अंगणात प्रेमिला खाटेवर बसली होती. बाजूला लीलाधर. कुंपणापाशी शेजारच्या दोन बाया उगाच उभ्या. बकारामची छाती फुगली. आपला शब्द पाहायला लोक जमले होते.

"घे," तो म्हणाला आणि खोकं खाटेवर ठेवलं. "म्हणाली होती ना वापस येते का? उघड."

प्रेमिलाने खोकं उघडलं. आत भोंगा घातलेली मांजर. मांजरीने भोंगा वर केला. त्याबरोबर प्रेमिलाच्या पदराखालून दुसरं एक डोकं बाहेर आलं, त्याने खोक्यातल्या मांजरीकडे पाहिलं आणि फिस्स केलं.

बकारामने एक मांजर पाहिली. मग दुसरी. मग पुन्हा पहिली.

"हे कोन?"

"हे बिजली," प्रेमिला पदराखालच्या मांजरीवर हात ठेवून म्हणाली. "कालपासून घरीच आहे. लीलाधरनं आनली. तुमी कोनती आनली?"

"काकाजी, रागावू नोका," लीलाधर उठून उभा राहिला. "काकीनंच मले मागं पाठवलं होतं, लक्ष ठेवाले. तुमी रपट्यावर पोतं फिरवलं का नाही? तीन चक्कर? मी आपल्या डोळ्यानं पाह्यलं. मंग मी काय समजू?"

"ते मी नाही फिरवलं," बकाराम म्हणाला. "हातानं फिरवलं."

"हात कोनाचे?"

"माहे. पण त्यायले सवय आहे."

कुंपणापाशी कोणीतरी पदर तोंडात कोंबला. प्रेमिला मात्र हसली नाही. तिने खोक्यातल्या मांजरीला हळूच उलटं केलं. दाढी केल्यासारखं गुळगुळीत पोट, त्यावर ताजे टाके. ती टाक्यांकडे बराच वेळ पाहत राहिली.

"रात्री कुठी निजले?"

"दवाखान्यात. बाकड्यावर."

"कायले?"

"हिले एकटी कशी सोडू?"

"म्हणजे खरंच ऑपरेशनले नेली होती."

"मंग तुले काय सांगून राहिलो कालपासून!"

"तुमचा शब्द खरा आहे," प्रेमिला म्हणाली. आणि तिचा चेहरा सैल पडला. "डोळे खराब आहेत. एवढे महिने घरात राह्यली, तुमाले आपली मांजर ओळखू आली नाही? हिच्या नाकावर काळा तीळ आहे."

बकाराम वाकला. बिजलीच्या नाकाजवळ नाक नेऊन पाहिलं. तीळ होता.

"आहे," तो म्हणाला. बकारामच्या भाषेत हे क्षमा मागणं होतं, आणि प्रेमिलाला ती भाषा येत होती.

"उद्या मी मंडईत हरवली तं कोनाले घेऊन यासान घरी?" ती म्हणाली. आता ती हसली, आणि एवढी हसली की दोन्ही मांजरी खाटेखाली गेल्या, एक भोंग्यासकट.

लीलाधरने घसा साफ केला. "काकाजी, अना माहं कोहळं?"

कोहळं डॉक्टरीण बाईंच्या टेबलावर राहिलं होतं. त्याची किंमत बकारामने दुसऱ्या दिवशी चुकती केली, वर गाडीचं तिकीटही त्याच्याच अंगावर पडलं.

भोंगावाली मांजर घरीच राहिली. गुलाबचंदकडे वापस नेऊ म्हणाला तर प्रेमिला म्हणाली, ऑपरेशन केलेल्या लेकीला कोणी रस्त्यावर टाकतं का? या नव्या मांजरीने पहिल्याच आठवड्यात, भोंगा असूनही, पुन्हा फिरकलेले दोन उंदीर मारले. बिजली झोपून पाहत होती. तिचं ऑपरेशन अजून व्हायचंच होतं.

म्हणून पुढच्या खेपेला प्रेमिला स्वतः निघाली. दोन झाकणाच्या टोपल्या, दोन्ही तिने स्वतः बांधल्या. एकीचे टाके काढायचे, दुसरीला टाके घालायचे. पुढे प्रेमिला, मागे दोन्ही हातांत टोपल्या घेऊन बकाराम. पानठेल्यावर तीच मंडळी होती.

"काकी, कुठी नेऊन राह्यल्या जी?"

"दवाखान्यात," प्रेमिला म्हणाली.

"जा, जा. सांभाळून न्या," ते म्हणाले. कोणी कोपर मारलं नाही. बकाराम सबंध रस्ता खरं सांगून थकला होता, तेच खरं तिचं एका शब्दात पटलं.

रपट्याजवळ ती म्हातारी दारात बसली होती. तिने दोन टोपल्या पाहिल्या, मग त्यांच्या मागचा बकाराम वरपासून खालपर्यंत पाहिला.

"अना प्रेमिला, याले कुठी सोडाले नेतेस वो?"

बकाराम थांबला. प्रेमिला नाही थांबली.

"सोडाले नाही, मावशी," ती चालता चालता म्हणाली. "नीट राह्यले तं वापसच आनीन."